आकाशातल्या घराची रसद

रात्रीचे दोन वाजले आहेत. नवी मुंबई झोपली आहे. पण वाशीचा घाऊक बाजार जागा आहे. मालमोटारींची लांब रांग लागली आहे. कोणी नाशिककडचा कांदा आणला आहे. कोणी जुन्नरकडची भाजी आणली आहे. हमाल पाठीवर गोणी घेऊन धावत आहेत. “बाजूला व्हा, बाजूला!” असा पुकारा चालू आहे. उजाडेपर्यंत हा माल मुंबईच्या गल्लीगल्लीत पोचेल. दिवस चढेल आणि घरोघर भाजी चिरली जाईल.

मुंबई शहरात शेते किती? जवळजवळ नाहीतच. तरी मुंबई रोज जेवते. कारण तिला रोज रसद मिळते. दोन दिवस गाड्या बंद राहिल्या, तर भाव चढतात. आठ दिवस बंद राहिल्या, तर काय होईल याचा विचारच करवत नाही.

रसद हा शब्द आपल्याला जुना आहे. गडावर माणसे असत, तेव्हा गडाला रसद लागे. दाणागोटा, वैरण, दारूगोळा, सगळे खालून वर चढवावे लागे. पन्हाळगडावर धान्य साठवायला अंबरखाना बांधलेला आहे. त्याची कोठारे आजही उभी आहेत. गड कितीही बळकट असो, रसद तुटली की गड पडायला वेळ लागत नसे.

आज आम्ही तुम्हाला अशा एका घराची गोष्ट सांगणार आहोत, की जे कोणत्याही गडाहून उंच आहे. तिथे माणसे राहतात. तिथे ना शेत, ना विहीर, ना बाजार. त्या घराला रसद कशी पोचते, ते आता पाहू.

चालणारी चांदणी

संध्याकाळी दिवेलागण झाल्यावर किंवा पहाटे उजाडण्याआधी आकाशाकडे पाहा. काही दिवशी एक ठळक चांदणी दिसते. ती इतर चांदण्यांसारखी एका जागी राहत नाही. सरळ चालत जाते. ती लुकलुकत नाही. विमानासारखे तांबडे-हिरवे दिवेही तिला नसतात. चार-पाच मिनिटांत ती आकाश ओलांडून दिसेनाशी होते. खारघरच्या टेकडीवरून ती दिसते, तशी तुमच्या अंगणातूनही दिसते.

ती चांदणी नव्हे. ते माणसाने बांधलेले घर आहे. त्याला अंतराळस्थानक म्हणतात. अमेरिका, रशिया, जपान, कॅनडा आणि युरोपातील काही देश यांनी मिळून ते बांधले. ते जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंच आहे. पनवेलहून कोल्हापूरला जायला जेवढा रस्ता लागतो, त्याहून थोडे जास्त. फरक एवढाच, की हा रस्ता सरळ वर जातो.

२ नोव्हेंबर २००० पासून ते घर एक दिवसही रिकामे राहिलेले नाही. एक तुकडी येते, एक तुकडी परत जाते. एरवी तिथे साधारण सात माणसे असतात. ती निरनिराळे प्रयोग करतात, यंत्रांची देखभाल करतात आणि काही महिन्यांनी खाली येतात.

एका साक्षरता वर्गात आम्ही हे सांगत होतो. तेव्हा मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, “अवो मास्तर, वर घर बांधलं ते बरं केलं. पन त्यांच्या चुलीला लाकडं आन मडक्यात पानी कोन नेऊन देतं?”

सगळा वर्ग हसला. आम्ही मात्र हसलो नाही. आजींनी नेमके वर्मावर बोट ठेवले होते. घर बांधणे एक, आणि घर चालवणे दुसरे.

घराला काय काय लागते?

आधी चुलीचे बोलू. स्थानकात चूल नाही. तिथे जाळ करणे धोक्याचे आहे. जेवण खालूनच शिजवून, वाळवून, पिशव्यांत बंद करून नेतात. वर गेल्यावर त्यात गरम पाणी घालतात किंवा पिशवी गरम करतात. पाव नेत नाहीत, कारण त्याचा चुरा होतो. तिथे वस्तू खाली पडत नाहीत, तरंगतात. चुरा तरंगत डोळ्यांत जाईल, यंत्रात शिरेल. म्हणून पावाऐवजी आपल्या पोळीसारखी पातळ पोळी नेतात.

आता पाणी. पाणी जड असते. एक घागर वर न्यायची म्हटली, तरी खर्च फार येतो. म्हणून तिथे थेंबही वाया घालवत नाहीत. माणसाचा घाम, श्वासातली वाफ आणि लघवी हे सगळे यंत्राने शुद्ध करून पुन्हा पिण्याचे पाणी करतात. ऐकून नाक मुरडू नका. आपल्याकडेही सूर्य समुद्राचे, गटाराचे पाणी वाफ करून वर नेतो आणि मग पाऊस पाडतो. तेच काम तिथे यंत्र करते. शंभर भाग पाण्यातले सुमारे ९८ भाग परत मिळतात. उरलेले दोन भाग मात्र खालूनच आणावे लागतात.

श्वास घ्यायला प्राणवायू हवा. तो पाण्यातून विजेच्या साहाय्याने काढतात. वीज उन्हापासून मिळते. मोठमोठे पंख उभारलेले आहेत, त्यांवर ऊन पडले की वीज तयार होते. म्हणजे ऊन तेवढे फुकट! बाकी कपडे, औषधे, यंत्रांचे सुटे भाग, प्रयोगाची बी-बियाणी, सगळे खालून. तिथे कपडे धुण्याची सोय नाही. कपडा मळला की टाकूनच द्यावा लागतो.

आणखी एक वस्तू लागते, ती म्हणजे इंधन. हे घर सदा फिरत असते. एवढ्या उंचीवरही थोडी विरळ हवा आहे. तिच्या घर्षणाने घराचा वेग हळूहळू कमी होतो आणि ते खाली सरकत येते. महिन्याला साधारण दोन किलोमीटर, कधी कमी, कधी जास्त. म्हणून अधूनमधून इंजिन चालवून घराला पुन्हा वर ढकलावे लागते. तसे केले नाही, तर काही काळाने घर खाली कोसळेल.

घर पडत का नाही?

इथे कोणी विचारील, मग ते आताच का पडत नाही?

डोंगरावर उभे राहून दगड फेका. हळू फेकला तर जवळ पडतो. जोरात फेकला तर लांब पडतो. समजा, तुमच्या हातात फार मोठे बळ आले आणि तुम्ही दगड अतिशय वेगाने फेकलात. तोही पडू लागेल. पण पृथ्वी गोल आहे. दगड जेवढा खाली येईल, तेवढीच जमीनही त्याच्याखाली वळत जाईल. मग दगड पडत राहील, पण जमिनीला कधीच टेकणार नाही. तो पृथ्वीभोवती फिरत राहील.

स्थानक असेच फिरते. त्याचा वेग ताशी सुमारे २८,००० किलोमीटर आहे. वाशीच्या स्टेशनातून निघालेली गाडी या वेगाने गेली, तर एका सेकंदात बेलापूरजवळ पोचेल! पृथ्वीला एक फेरा घालायला स्थानकाला सुमारे दीड तास लागतो. दिवसाला सोळा फेरे होतात.

आता विचार करा. एवढ्या वेगाने पळणाऱ्या घरापाशी माल नेऊन द्यायचा आहे. घर थांबणार नाही. दारही लहानच आहे. हे काम कोण करते?

बिनचालकाचे यान

हे काम मालयान करते. अग्निबाणाच्या टोकावर बसवून ते आकाशात सोडतात. त्यात माणूस नसतो. त्याला वाट दाखवतात ती यंत्रे आणि जमिनीवर बसलेली माणसे.

पहिले मालयान रशियाने, म्हणजे त्या वेळच्या सोव्हिएत संघाने, २० जानेवारी १९७८ रोजी सोडले. त्याचे नाव ‘प्रोग्रेस’, म्हणजे प्रगती. त्या वेळी आकाशात सोव्हिएत संघाचे ‘सॅल्यूत-६’ हे स्थानक होते. त्यात युरी रोमानेन्को आणि गिओर्गी ग्रेच्को असे दोघे राहत होते. आधीच्या सॅल्यूत स्थानकांना येण्याजाण्याचे एकच दार होते. त्या दाराला माणसांचे यान लागले, की दुसऱ्या यानाला जागा उरत नसे. म्हणून बरोबर नेलेली शिदोरी संपली की परतावे लागे. सॅल्यूत-६ ला मात्र पुढे एक आणि मागे एक अशी दोन दारे केली. मागच्या दाराने मालयान येऊन लागले. त्यात सुमारे २३ क्विंटल माल होता. त्यातला बराचसा भाग इंधनाचा होता. या रसदीमुळे ते दोघे ९६ दिवस राहू शकले. तोवर एवढे दिवस कोणीही आकाशात राहिले नव्हते.

तुम्ही म्हणाल, मालाबरोबर एखादा माणूस का बसवत नाहीत? दोन कारणे आहेत. माणूस बसवला, की त्याला हवा हवी, पाणी हवे, आसन हवे, परत उतरण्याची सोय हवी. तेवढ्या जागेत आणि वजनात कितीतरी माल मावतो. दुसरे कारण त्याहून मोठे आहे. माल बुडाला तर पुन्हा भरता येतो. गेलेला माणूस परत येत नाही. या दुसऱ्या कारणाची कहाणी पुढे येणार आहे.

गाठ कशी पडते?

भाताची मळणी आठवा. खळ्याच्या मध्ये तिवडा रोवलेला असतो. त्याच्याभोवती बैलांची पात फिरते. तिवड्याजवळच्या बैलाचा फेरा लहान असतो. कडेच्या बैलाला मोठा फेरा घालावा लागतो. आकाशातही तसेच आहे. जे यान पृथ्वीजवळून फिरते, त्याचा फेरा लहान. शिवाय तिथला वेगही जास्त असतो. म्हणून मालयान आधी स्थानकाच्या खालून फिरत राहते. प्रत्येक फेऱ्यात ते थोडे थोडे पुढे सरकते आणि स्थानकाला गाठते. मग इंजिन चालवून ते थोडे वर चढते. असे करत करत ते स्थानकाशेजारी येते.

आता दोघांचाही वेग सारखा झालेला असतो. शेजारशेजारच्या रुळांवरून दोन लोकलगाड्या एकाच वेगाने धावत असल्या, तर समोरच्या डब्यातला माणूस आपल्याला स्थिर उभा दिसतो. अगदी तसेच. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, केवढा हा वेग! पण त्या दोघांना एकमेकांकडे पाहताना वाटते, आपण उभेच आहोत.

मग यान गोगलगायीसारखे पुढे येते. रेडिओच्या लहरी पाठवून ते अंतर मोजते. थोडे वाकडे झाले, तर लहान लहान इंजिनांची फुंकर मारून सरळ होते. शेवटी त्याचे तोंड स्थानकाच्या दाराला लागते. आकडे अडकतात. हवा निसटत नाही ना, हे तपासून पाहतात. मग आतली माणसे दार उघडतात आणि माल उतरवू लागतात. काही याने दारापर्यंत स्वतः येत नाहीत. ती जवळ येऊन थांबतात. स्थानकाला सतरा मीटर लांब यांत्रिक हात आहे. तो हात यानाला धरतो आणि दाराला लावतो.

पूर्वी या प्रवासाला दोन दिवस लागत. २०१८ साली एक प्रोग्रेस यान चार तासांच्या आत पोचले. पण घाई केली की चूक होण्याची भीती असते. २५ जून १९९७ रोजी रशियाच्या ‘मीर’ स्थानकावर अपघात घडला. मालयान दुरून हाताने चालवून लावण्याची चाचणी चालू होती. यानाचा वेग वेळेवर कमी झाला नाही. ते स्थानकावर आदळले. एका खोलीला भोक पडले आणि हवा निसटू लागली. आतल्या तिघांनी दारातून गेलेल्या विजेच्या तारा भराभर सोडवल्या, कापल्या आणि त्या खोलीचे दार बंद केले. तिघेही वाचले. पण ती खोली कायमची गेली. त्यांच्यातले माइकल फोल तिथेच झोपत असत. त्यांचे सामान आतच राहिले.

कर्नालची कल्पना

हरियानात कर्नाल नावाचे गाव आहे. तिथे कल्पना चावला जन्मल्या. लहानपणी त्यांना विमानांचे वेड होते. शिकून त्या अमेरिकेत गेल्या आणि अंतराळवीर झाल्या. भारतात जन्मलेली आणि आकाशात गेलेली ती पहिली स्त्री. १९९७ साली त्या पहिल्यांदा गेल्या. २००३ च्या जानेवारीत दुसऱ्यांदा गेल्या. त्यांच्या यानाचे नाव ‘कोलंबिया’. १ फेब्रुवारी २००३ रोजी परत येताना ते यान आकाशातच तुटले. सातही माणसे गेली. कर्नालमध्ये शाळेतली मुले त्यांच्या सुखरूप परतीची वाट पाहत होती. भारतभर घरोघर हळहळ झाली.

या अपघातानंतर अमेरिकेने त्या प्रकारची याने उडवणे थांबवले. दोन वर्षांहून अधिक काळ ती बंद राहिली. पण स्थानक तर वर फिरतच होते. आत माणसे होती. आजवर बराचसा माल त्या मोठ्या यानांतून जात असे. आता काय करायचे?

तिघांच्या जागी दोघेच ठेवायचे, असे ठरले. तोंडे कमी केली. आणि सगळा भार पडला लहानशा प्रोग्रेस यानांवर. दर काही महिन्यांनी एक यान जाई. फार नाही, सुमारे २५ क्विंटल माल. तांदळाच्या भाषेत सांगायचे, तर ५० किलोची ५० पोती. त्यावर घर चालू राहिले.

२००४ साल संपत आले. तेव्हा स्थानकात लेरॉय चिआओ आणि सालिझान शारिपोव असे दोघे होते. त्यांनी कोठाराची मोजदाद केली. आणि ध्यानात आले, की धान्य कमी आहे! आधीच्या तुकडीने ठरल्यापेक्षा जास्त वापरले होते आणि हिशेब नीट राहिला नव्हता. खालून निरोप आला, “रोजचे खाणे कमी करा.” डिसेंबरात येणारे यान चुकले असते, तर स्थानकाला कुलूप लावून दोघांना खाली आणावे लागले असते. खाली येण्यासाठी त्यांचे यान दाराशी उभे होते, म्हणून जिवाला धोका नव्हता. पण इतक्या देशांनी इतकी वर्षे खपून उभे केलेले घर ओस पडले असते.

२४ डिसेंबरला यान उडाले. दोन दिवसांनी ते दाराला लागले. दोघांनी दार उघडले. आत खाण्याची खोकी होती, पाणी होते, प्राणवायू होता, इंधन होते. त्या दिवशी त्या दोघांना कसे वाटले असेल? दुष्काळी भागात राहिलेल्या माणसाला ते सांगायला नको. गावात धान्याची गाडी आल्यावर मनाला जो धीर येतो, तो ज्याने अनुभवला, त्यालाच तो कळतो.

तीन याने बुडाली

एकाच वाटेवर भरवसा ठेवणे बरे नाही, हे त्या वेळी सगळ्यांना कळले. मग युरोपने मालयाने बांधली, जपानने बांधली. अमेरिकेतल्या खाजगी कंपन्याही बांधू लागल्या. चीनने आपले वेगळे स्थानक उभारले आहे. त्यासाठी त्यांचे ‘तिएनझोऊ’ हे मालयान आहे. ते पहिल्यांदा २०१७ साली उडाले.

तरी संकट आलेच. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी अमेरिकेत एक मालयान उडताच काही सेकंदांत अग्निबाणाचा स्फोट झाला. सहा महिन्यांनी, २८ एप्रिल २०१५ रोजी, रशियाचे प्रोग्रेस यान वर पोचले, पण भोवऱ्यासारखे गरगर फिरू लागले. त्यावर ताबा राहिला नाही. शेवटी ते हवेत जळून गेले. आणखी दोन महिन्यांनी, २८ जून २०१५ रोजी, अमेरिकेचे आणखी एक मालयान सव्वादोन मिनिटांत आकाशात फुटले. अग्निबाणाच्या आत एक लहान पोलादी आधारपट्टी तुटली, असे कंपनीच्या तपासात दिसले. हातभर पट्टी आणि एवढे मोठे नुकसान!

आठ महिन्यांत तीन याने बुडाली. त्या वेळी स्थानकात तीन माणसे होती. ती उपाशी राहिली का? नाही. कारण या वेळी कोठारात काही महिने पुरेल एवढा साठा होता. २००४ चा धडा कोणी विसरले नव्हते. शिवाय वाटा अनेक होत्या. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात रशियाचे दुसरे यान पोचले. ऑगस्टमध्ये जपानचे यान पोचले.

आपल्या कोकणपट्टीतल्या बायकांना हे नवीन नाही. पावसाआधी आगोट करायची असते. तांदूळ, कांदे, सुकी मासळी, पापड, लाकूडफाटा, सगळे भरून ठेवायचे. मग समुद्र खवळो की ओढ्याला पूर येवो, घर चालते. उरण-पनवेलकडच्या आजीबाई जी आगोट करतात, तीच या शास्त्रज्ञांनी चारशे किलोमीटर वर केली. आणि आगोटीबरोबर हिशेबही आला. काय आणले, काय संपले, काय उरले, हे लिहून ठेवल्यावाचून बेगमी होत नाही. मंडळी, अक्षरओळख आणि आकडेमोड कशाला हवी, असे कोणी विचारले, तर त्याला २००४ ची ही गोष्ट सांगा.

नावाने पुन्हा गेली

आता मालयानांना नावे देण्याची एक रीत सांगतो. अमेरिकेतली एक कंपनी आपल्या प्रत्येक मालयानाला एखाद्या थोर माणसाचे नाव देते. २०२० साली त्यांनी एका यानाला ‘कल्पना चावला’ असे नाव दिले. २ ऑक्टोबर २०२० च्या रात्री ते अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातून उडाले. ५ ऑक्टोबरला यांत्रिक हाताने त्याला धरले आणि दाराला लावले. त्यात सुमारे ३६ क्विंटल माल होता. स्थानकासाठी नवा संडास होता. हसू नका, ज्या घरात नीट संडास नाही, त्या घराची अडचण आपल्याला ठाऊक आहे! आणि मुळ्याचे बीही त्यात होते. ते बी स्थानकात पेरले, रोपे वाढली आणि नोव्हेंबरअखेर वीस मुळे काढले.

ते यान तीन महिने तिथे राहिले. मग काय झाले? स्थानकात कचरा साठतो. मळके कपडे, रिकाम्या पिशव्या, मोडके भाग. तो बाहेर फेकता येत नाही, कारण तो त्याच वेगाने फिरत राहील आणि कुणाला तरी लागेल. म्हणून मालयान रिकामे झाले की त्यात कचरा भरतात. वाशीच्या बाजारातून रिकामी खोकी आणि टोपल्या घेऊन परतणाऱ्या टेम्पोसारखे. पण हे यान घरी परतत नाही. त्याला समुद्राच्या निर्मनुष्य भागावर खाली सोडतात. हवेच्या घर्षणाने ते तापते आणि जळून जाते. ‘कल्पना चावला’ यानाने जाण्याआधी आणखी एक काम केले. स्थानकापासून दूर गेल्यावर त्याच्या आत मुद्दाम आग लावली. आकाशात आग कशी पसरते, हे त्यातून कळले. पुढच्या अंतराळवीरांचे जीव वाचावेत म्हणून हा प्रयोग केला. जानेवारी २०२१ मध्ये ते यान जळून गेले. त्यात माणूस नव्हता. माल पोचला होता. काम पुरे झाले होते.

सगळीच याने जळत नाहीत. अमेरिकेचे ‘ड्रॅगन’ हे यान छत्री उघडून समुद्रात उतरते आणि प्रयोगाचे नमुने परत आणते.

आपला देश कुठे आहे?

भारताचे राकेश शर्मा १९८४ साली सोव्हिएत संघाच्या ‘सॅल्यूत-७’ स्थानकात जाऊन आले. त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी, २०२५ च्या जूनमध्ये, लखनौचे शुभांशू शुक्ला आताच्या स्थानकात गेले आणि अठरा दिवस राहिले. त्यांनी बरोबर गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. आकाशात आमरस! त्यांनी तिथे मूग आणि मेथीला मोड आणण्याचा प्रयोगही केला. तो धारवाडच्या शास्त्रज्ञांनी ठरवून दिला होता. उद्या माणूस दूर जाईल, तेव्हा त्याला सगळीच भाजी खालून नेता येणार नाही. काही तरी तिथेच पिकवावे लागेल. म्हणजे शेतकऱ्याची विद्या तिथेही लागणारच.

भारताला आपले स्वतःचे स्थानक २०३५ पर्यंत उभे करायचे आहे. त्यासाठी आधी दोन यानांची गाठ घालता आली पाहिजे. ती विद्या आपण शिकलो आहोत. ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून दोन लहान याने सोडली. प्रत्येकाचे वजन सुमारे २२० किलो. ७ आणि ९ जानेवारीला त्यांची गाठ घालायचा बेत होता, पण तो पुढे ढकलला. शास्त्रज्ञांनी घाई केली नाही. पुन्हा तपासले. १६ जानेवारी २०२५ रोजी दोन्ही याने आकाशात एकमेकांना जोडली गेली. रशिया, अमेरिका आणि चीन यांच्यानंतर हे काम करणारा भारत चौथा देश ठरला.

यात आपल्या महाराष्ट्राचाही हात आहे. वाशीच्या खाडीपलीकडे विक्रोळी आहे. तिथल्या गोदरेजच्या कारखान्यात अग्निबाणाची ‘विकास’ नावाची इंजिने तयार होतात. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात अग्निबाणाचे भाग घडतात. तिथे कातारी, वेल्डर, फिटर काम करतात. एक सांधा कच्चा राहिला तर काय होते, ते आपण वर पाहिलेच आहे. म्हणून ते हात जपून काम करतात.

शेवटी एवढेच

आकाशात जाणाऱ्या वीरांची नावे सगळ्यांना माहीत असतात. रसद नेणाऱ्या यानाचे नाव क्वचितच कोणी घेते. त्याची मिरवणूक निघत नाही. ते येते, माल देते, कचरा उचलते आणि जळून जाते. पण ते आले नाही, तर घर बंद पडते. वाशीच्या बाजारात रात्री गोणी वाहणारा हमाल, घाटातून जागून गाडी आणणारा चालक, आगोट भरून ठेवणारी घरची बाई, या सगळ्यांचे काम असेच आहे. ते दिसत नाही, पण सगळे त्यावर उभे असते.

आता संध्याकाळी ती चालणारी चांदणी दिसली, की घरातल्या मुलांना हाक मारा. तिच्याकडे बोट दाखवा आणि सांगा, “तिथं माणसं राहतात. त्यांचं जेवण आपल्यासारखंच कुणीतरी दारात नेऊन देतं.”